गुलाबी पाणी

फुप्फुस धुतलेलं पाणी दुधाळ निघायला हवं. वर बारीक फेस, साबणाच्या पाण्यावर येतो तसा. निरोगी डुकराच्या श्वासनलिकेत नळी घालून खारट द्रावण आत सोडलं, फुप्फुस हलक्या हातानं चोळलं आणि ते पाणी परत ओढून घेतलं, की असं दुधाळ पाणी मिळतं आणि त्यात आपल्याला हव्या त्या पेशी तरंगत असतात. त्या दिवशी माझ्या नळ्यांमधलं पाणी सकाळी दुधाळ होतं आणि संध्याकाळी गुलाबी. मी ते डोळ्यांनी पाहिलं. मोबाइलवर फोटोही काढला. वहीत मात्र रंगाबद्दल एक शब्द लिहिला नाही, आणि पुढचं दीड वर्ष मी त्या न लिहिलेल्या शब्दावर इमले बांधले.

मी परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातला. आमच्याकडे जनावरांचा डॉक्टर म्हणजे म्हशीचा, बैलाचा, शेळीचा, फार तर कोंबडीचा. डुकराचे तास वेळापत्रकात असत, पण त्या तासांना आम्ही बहुतेक जण चहाच्या टपरीवर सापडायचो. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूनं मृत्यू झाला, देशातला त्या साथीतला पहिला. तेव्हा गल्लीतली माणसं मला विचारायला आली, कारण मी 'डॉक्टरकीला' होतो. मी छाती पुढे काढून सांगितलं, डुकरांपासून लांब राहा. साथ पसरत होती माणसाकडून माणसाला. गावकुसाबाहेरच्या डुकरांचा त्यात काही हात नव्हता. ज्या विषयाचे तास मी बुडवले होते, त्याच विषयावर मी गल्लीला सल्ला दिला. चुकांची यादी करायची तर पहिली ही धरावी लागेल.

आणि नियतीची गंमत अशी, की २०१३ मध्ये पीएचडीसाठी मी जाऊन पडलो अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, जिथे माणसांच्या सातपट डुकरं आहेत. आईला फोनवर सांगितलं, "फुप्फुसाच्या आजारावर काम करतोय." ती खूश. शेजारच्या काकूंना तिनं सांगितलं की पोरगा दम्यावर औषध काढतोय. सहा महिन्यांनी एका फोटोत मागे डुकरं दिसली, तेव्हा म्हणाली, "आरं, म्हशीचा डॉक्टर व्हायला गेला होतास ना तू?" मी विषय बदलला. हे सांगतोय ते उगाच नाही. अर्धंच सांगायची सवय मला घरापासूनच होती.

ज्या आजारावर मी काम करणार होतो, त्याला आम्ही पीआरआरएस म्हणतो. १९८७ च्या सुमारास अमेरिकेतल्या कळपांमध्ये गाभण डुकरिणी अचानक गाभडायला लागल्या, मेलेली पिल्लं टाकायला लागल्या आणि वाचलेली पिल्लं धापा टाकत मरायला लागली. कारण सापडेना, म्हणून बरीच वर्षं त्याचं नावच 'गूढ आजार' असं होतं. १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या लेलिस्टाड इथे विषाणू हाती लागला. हा आजार अमेरिकेच्या डुक्करपालनाला वर्षाला सुमारे ६६ कोटी डॉलरना पडतो, असा हिशेब मी गेलो त्या साली छापून आला होता. आणि त्याच २०१३ मध्ये मिझोराममधल्या डुकरांत तो भारतात पहिल्यांदा पक्का सापडला. ती बातमी मी आयोवात बसून वाचली.

या विषाणूची चाल पाहिली की संताप येतो आणि दादही द्यावीशी वाटते. फुप्फुसाच्या वायुकोशांमध्ये मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी गस्त घालत असतात. धूळ, जिवाणू, जे येईल ते गिळायचं हे त्यांचं काम. हा विषाणू नेमका त्याच पेशीत शिरतो, तिच्यातच वाढतो आणि तिलाच फोडून बाहेर पडतो. घर फोडायचं तर आधी राखणदारालाच फितवायचं. त्याचं आत शिरायचं दार म्हणजे पेशीवरचं सीडी-१६३ नावाचं प्रथिन. गस्तच मोडली की मागून जिवाणूंना रान मोकळं, आणि पिल्लू शेवटी बहुधा त्यांच्याच न्यूमोनियानं मरतं.

आता मायक्रोआरएनए. बोलताना आम्ही त्याला नुसतं 'मिर' म्हणतो आणि पुढे क्रमांक लावतो. साधारण २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना तो मातीतल्या एका मिलिमीटरभर जंतात सापडला. बराच काळ लोकांना वाटलं, हे त्या जंताचंच काहीतरी वेगळेपण असेल. २०२४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पेशी प्रथिनं बनवते ती संदेशवाहक आरएनएवरून. मिर त्या संदेशाच्या शेपटाकडे चिकटतो आणि संदेश दाबतो. किती दाबतो, ते समजायला रात्री शेतात दारं धरलेली असली पाहिजेत. मोटारीचं बटण बंद केलं की पाणी थांबतं, मिर तसं करत नाही. तो पाटात मातीचं एक ढेकूळ टाकतो. पाणी वाहतं, पण थोडं कमी. अशी दहा-वीस ढेकळं पडली की मग वाफा कोरडा राहू शकतो. हे मला तोंडपाठ होतं. तरी काम करताना मी सतत बटणच शोधत राहिलो.

त्यालाही कारण होतं. २०१३ मध्येच बीजिंगच्या चिनी कृषी विद्यापीठातल्या गटाचे दोन निबंध आले होते. मिर-१८१ हा थेट विषाणूच्या आरएनएला चिकटतो, शिवाय सीडी-१६३ चा संदेशही दाबतो, म्हणजे चोरालाही धरतो आणि दारही ओढून घेतो, असं त्यांनी दाखवलं. डुकरांना नाकावाटे तो दिल्यावर विषाणू घटला, ताप कमी झाला. पुढच्या दोन-तीन वर्षांत उलटी उदाहरणंही आली. विषाणू स्वतःच मिर-३०सी वाढवून घेतो आणि त्याच्या हातून पेशीची इंटरफेरॉन नावाची धोक्याची हाक दाबून टाकतो. मिर-२४ वाढला की विषाणूचं फावतं. एकीकडे पेशीचे मिर विषाणूला आवळतात, दुसरीकडे विषाणू तेच मिर राबवून घेतो. अशी रस्सीखेच वाचली की पंचविशीतल्या माणसाला वाटतं, यात माझ्याही नावाचा एक क्रमांक असणारच.

सुरुवातीच्या आठ आठवड्यांत काहीच सापडलं नाही. चांगल्या पेशी, चांगला आरएनए, मोजायला गेलं की मिर शून्य. यंत्र बिघडलं असं मी दोनदा लेखी कळवलं, दोनदा माणूस येऊन तपासून गेला. मग आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंनी माझ्या हातातला आरएनए काढायच्या संचाचा डबा उलटा केला आणि मागच्या ओळीवर बोट ठेवलं. साधा संच होता तो. त्याचा गाळणीसारखा कॉलम २०० अक्षरांहून लांब आरएनए धरतो, लहान तुकडे खाली गळून जातात. बावीस अक्षरांचे माझे मिर मी आठ आठवडे रोज संध्याकाळी बेसिनमध्ये ओतत होतो. त्या मोठ्यानं हसल्या, मीही हसलो. अशा चुका बऱ्या. त्यांचे किस्से होतात.

पुढची चूक हातांची होती. डुकराच्या उजव्या फुप्फुसाच्या पुढच्या पाळीला स्वतःची वेगळी श्वासनळी असते, ती मुख्य नलिका दुभंगायच्या आधीच वरून फुटते. गाईम्हशींतही तसंच असतं, म्हणजे मला ठाऊक असायलाच हवं होतं. मी नळी खोल सारायचो आणि ती पाळी तशीच कोरडी राहायची. या आजारात कुठली पाळी किती बिघडलीय हे ठिकठिकाणी वेगळं असतं, तेव्हा एक अख्खी पाळी सोडून देणं म्हणजे गावाची जनगणना करताना वरची आळी वगळण्यासारखं. पहिल्या तुकडीतल्या सगळ्या डुकरांचं तसंच झालं. ते नमुने आम्ही टाकून दिले आणि मी पुढच्या तुकडीची तयारी केली.

त्या दुसऱ्या तुकडीच्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहितो.

बारा पिल्लं होती, सहा निरोगी, सहांना लागण केलेली. लागण झालेल्या जनावरांच्या इमारतीत शिरायचं तर आंघोळ करून आत, आंघोळ करूनच बाहेर. चष्मासुद्धा धुवून. मला आजीच्या सोवळ्याची आठवण यायची, फक्त इथल्या सोवळ्याला कारण होतं. त्याच शिस्तीचा दुसरा भाग असा, की आधी निरोगी जनावरं उरकायची आणि मग आजारी, म्हणजे आजाऱ्यांचा विषाणू निरोग्यांच्या नमुन्यात जाणार नाही. नियम योग्यच आहे. पण त्यामुळे निरोगी सहा सकाळी झाली, ताज्या हातांनी, कॉफी पिऊन. आजारी सहा दुपारनंतर, पाठ मोडलेली असताना. त्यातून आजारी फुप्फुस लिबलिबीत, ठिकठिकाणी लालसर तपकिरी, जरा ओढलं की रक्त सुटायचं. चौथ्या पिल्लाची नस माझ्या हातून कापली गेली. पाणी गुलाबी आलं. तांबड्या पेशी फोडून टाकायचं एक द्रावण असतं, ते वापरायचं तर आणखी अर्धा तास लागला असता. शेवटची दोन पिल्लं अजून बाकी होती. मी ठरवलं, मॅक्रोफेज तर भरपूर आहेत, चालेल.

'चालेल' हा शब्द परदेशात कुणाला समजत नाही. मी तो मनातल्या मनात म्हणायचो.

आकडे आले तेव्हा मी खुर्चीतून उठलो. आजारी पिल्लांत मिर-४५१ कितीतरी पटींनी वाढलेला. दुसरा कुठलाच मिर त्याच्या जवळपासही नव्हता. रात्रभर वाचत बसलो. मिर-४५१ हा तसाही विलक्षण आहे. बाकीचे मिर तयार होताना डायसर नावाच्या प्रथिनाकडून कापून घेतात, हा एकटा त्याला टाळून थेट आर्गोनॉटकडून घडवून घेतो. मला वाटलं, विषाणूनं बरोबर हेरलं, आडवाटेचा मिर पकडला! संगणकावर भाकीत करणारी साधनं माणसाच्या जनुकांवर बेतलेली होती. त्यांना विचारलं, मिर-४५१ कुणाकुणाला दाबत असेल? मोठी यादी आली. त्यात दाहाशी संबंधित चार नावं निघाली. चारांना बाणांनी जोडून मी एक सुंदर आकृती काढली. त्यातल्या दोन ठिकाणी डुकराच्या संदेशात मिर चिकटायची जागाच नाही, हे मी तपासलंसुद्धा नाही. माणूस आणि डूकर जवळचे, असं आपण सारखं म्हणतो. पण बावीस अक्षरांतली दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरं जुळावी लागतात, त्यात एक इकडचं तिकडे झालं तरी चिकटणं गेलं.

विभागाच्या चर्चासत्रात मी चाळीस मिनिटं बोललो. शेवटच्या रांगेत एक निवृत्तीला आलेले विकृतिशास्त्रज्ञ बसायचे, बहुतेक वेळा डोळे मिटून. प्रश्नोत्तरांत त्यांनी हात वर केला आणि एवढंच विचारलं, "पाण्याचा रंग कोणता होता?"

मला प्रश्न कळला नाही असं मी दाखवलं. त्यांनी तो पुन्हा विचारला, तेवढ्याच शांतपणे. मी म्हणालो, "नोंद बघून सांगतो." नोंद नव्हती, हे मला ठाऊक होतं. फोटो होता, हेही ठाऊक होतं.

मिर-४५१ हा तांबड्या रक्तपेशीचा मिर आहे. ती पेशी घडते तेव्हा तो प्रचंड प्रमाणात बनतो आणि ती प्रौढ होऊन तिच्यातलं केंद्रक गेलं तरी हा आत राहतो. रक्ताचा नमुना फुटला का, हे ओळखायला जगभर याच मिरचा वापर होतो, मिर-२३ए शी त्याचं प्रमाण काढून. म्हणजे मी ज्याला विषाणूचं कारस्थान म्हणत होतो, ते दुसऱ्या प्रयोगशाळांमध्ये 'नमुना खराब आहे' याची खूण म्हणून शिकवलं जातं. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायला मी तयार आहे. पण त्या रात्री वाचलेल्या निबंधांच्या मी ठेवलेल्या प्रतींत एका ठिकाणी 'तांबड्या पेशी' या शब्दांखाली माझ्याच पेनाची रेघ आहे. वाचलं होतं, रेघ मारली होती, आणि पुढच्या पानावर गेलो होतो.

खात्री करून घ्यायला एक दुपार पुरली. एका निरोगी डुकराचं दुधाळ पाणी घेतलं, त्याच्याच रक्ताचा एक थेंब त्यात टाकला आणि मोजलं. मिर-४५१ उडी मारून वर. विषाणू नाही, आजार नाही, कारस्थान नाही, एक थेंब.

इथे शहाणपण यायला हवं होतं. मी मात्र दुसरा क्रमांक धरला. गुलाबी पाण्याला कंटाळून मी पाणीच सोडलं आणि फुप्फुसाचा अख्खा तुकडा वाटून त्यातला आरएनए काढायला लागलो. आता वाढलेला दिसला मिर-२२३. हा तांबड्या पेशींचा नाही, मी नीट तपासलं. तो असतो न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये, ठासून भरलेला. आणि आजारी फुप्फुसात न्यूट्रोफिल धावून येतात, दाह म्हणतात तो हाच. बाजारच्या दिवशी गावात फेटे वाढतात, म्हणून गावकऱ्यांनी फेटे बांधायला सुरुवात केली असं होत नाही. बाहेरची माणसं आलेली असतात. मी गावातले एकूण फेटे मोजून गावकऱ्यांच्या स्वभावावर निबंध लिहीत होतो. पेशी वेगवेगळ्या केल्याशिवाय अख्ख्या फुप्फुसातून मिर मोजला तर तो कुणाच्या खिशातला हे कळत नाही. छापून आलेल्या कितीतरी याद्यांमध्ये ही भानगड आहे, असं माझं मत आहे. पण दुसऱ्यांच्या याद्यांवर बोलायचा अधिकार मला फारसा नाही.

इथवरच्या चुका अडाणीपणाच्या आणि घाईच्या. पुढची तशी नाही.

तिसऱ्या वर्षी मी मोजणं सोडून करून बघायला लागलो. म्हणजे मिरची कृत्रिम नक्कल पेशीत सोडायची आणि विषाणू घटतो का बघायचं. एक मिर मी निवडला. त्याचा क्रमांक इथे देत नाही, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. अशा प्रयोगात तीन गट लागतात. काहीच न दिलेल्या पेशी, अक्षरं उलटसुलट केलेला बनावट मिर दिलेल्या, आणि खरा मिर दिलेल्या. सुरुवातीला मी मार्क-१४५ या पेशी वापरल्या, हा विषाणू वाढवायला सगळीकडे वापरतात त्या. त्या आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या आहेत. डुकराच्या फुप्फुसाचा प्रश्न मी माकडाच्या मूत्रपिंडाला विचारत होतो. उत्तर काही मिळालं नाही. मग डुकराच्या खऱ्या मॅक्रोफेजवर केला. तिथे निकाल सुरेख आला. काहीच न दिलेल्या पेशींत विषाणू भरपूर, खऱ्या मिरवाल्यांत अगदी कमी.

आणि बनावट मिरवाल्यांतही जवळजवळ तितकाच कमी.

याचा अर्थ कोणाही विद्यार्थ्याला कळावा. नक्कल म्हणून जे आपण सोडतो तो दुहेरी पदराचा आरएनए असतो. मॅक्रोफेज ही गस्तीची पेशी. बाहेरून दुहेरी आरएनए आला की ती त्याला विषाणू समजून इंटरफेरॉन सोडते, आणि इंटरफेरॉनसमोर आमचा विषाणूही ढेपाळतो. अक्षरं कुठली आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय मी मात्राही दामदुप्पट घेतली होती, पेशीत कधीच नसतो इतका मिर. पाटात ढेकूळ टाकायचं सोडून टिप्परभर माती ओतली होती.

मी तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. चौथ्या दिवशी आलेख काढताना मी मधला खांब काढून टाकला.

असं लिहिलं की वाटतं, त्या क्षणी काहीतरी मोठं घडलं असेल. काही नाही. एका रकान्यावर क्लिक केलं, तो करडा झाला, आलेख दोन खांबांचा झाला. स्वतःला सांगितलं की बनावट मिरची ती बाटली खराब असणार, नवी मागवू, मग तो खांब परत घालू. नवी बाटली मी मागवली नाही. आमच्या साप्ताहिक बैठकीत दोन खांब दाखवले. गाईड खूश झाले. त्यांनी विचारलं, "बनावटचं काय?" मी म्हणालो, "चालू आहे."

त्या आलेखावर पुढचं काम एका नव्या विद्यार्थिनीला मिळालं. आयोवाच्याच शेतकऱ्याची मुलगी. तिच्या वडिलांचा कळप या आजारात एकदा उद्ध्वस्त झालेला, म्हणून ती या विषयाकडे आलेली. मी डुकराला कधी हात न लावता तिथे पोचलो होतो, ती त्यांच्यात वाढली होती. तिनं प्रयोग शिस्तीत लावला, तिन्ही गट घेऊन. बनावट मिरनंही विषाणू घटला. तिला वाटलं, तिचंच काही चुकतंय. तिनं नवी बाटली मागवली. नळ्या बदलल्या. पेशी बदलल्या. माझ्याकडे वही घेऊन आली आणि मी म्हणालो, "पुन्हा करून बघ."

तीन महिने. आठवड्यातून दोनदा. शनिवारी मी तिला तिथेच बसलेली बघायचो आणि डबा खाऊन निघून जायचो. एका संध्याकाळी ती हातमोजे काढता काढता म्हणाली, "माझा हातच चांगला नाही बहुतेक. मी प्रयोगाच्या लायकीची नाही." बाहेर बर्फ पडत होता, मी खिडकीकडे बघत राहिलो.

त्या आठवड्यात मी एक जुनं प्रकरण पुन्हा वाचलं. मिरवाल्यांच्या जगात ते सगळ्यांना ठाऊक आहे. सोलमधल्या नॅरी किम यांच्या गटानं २०११ मध्ये एक निबंध छापला होता. पेशी पृष्ठभागापासून सुटल्या की त्यांच्यातले काही मिर झपाट्यानं नष्ट होतात, असा. पुढे त्यांच्याच लक्षात आलं, की आरएनए काढायच्या नेहमीच्या द्रावणात, पेशी थोड्या असल्या की, काही मिर मुळात हातात येतच नाहीत, वाटेतच गळतात. म्हणजे पेशीत काही नष्ट होत नव्हतं, त्यांच्या नळीत होत होतं. २०१२ मध्ये त्यांनी निबंध मागे घेतला आणि हे मिर नेमके कसे गळतात, हे स्वतःच छापून जगाला सांगितलं. मिर-विज्ञानातलं एवढं मोठं नाव. त्या एका पत्रामुळे किती जणांचे महिने वाचले असतील! माझ्याकडे वाचवायला एकाच मुलीचे महिने होते, आणि ते मी रोज खर्च करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला माझ्या संगणकापाशी बोलावलं आणि करडा रकाना उघडून दाखवला. तिनं तारीख पाहिली. विचारलं, "हे तुला तेव्हापासून माहीत होतं?" मी हो म्हणालो. ती उठली आणि गेली. पुढचे काही दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि नंतर बोलली ती कामापुरतं. मी माफी मागितली. तिनं ती स्वीकारली की नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही, आताही सांगता येणार नाही.

गाईडकडे गेलो तेव्हा ते ओरडतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तिचे तीन महिने तिला परत दे." मी विचारलं, कसे? "ते तू शोध." त्या हिवाळ्यातल्या तिच्या गोठ्यावरच्या सगळ्या शनिवार-रविवारच्या पाळ्या मी केल्या. उणे वीस अंशांत पहाटे पाचला उठून, आंघोळ करून आत, आंघोळ करून बाहेर. डुकरांची खरी ओळख मला त्या हिवाळ्यात झाली. परभणीत बुडवलेले सगळे तास तिथे भरून निघाले. धाप लागलेलं पिल्लू कुत्र्यासारखं बसतं, पुढचे पाय फाकवून, हे कोणत्याही यादीत मला सापडलं नव्हतं. ती मुलगी मात्र दारातून आत आल्या आल्या कुठलं पिल्लू उद्या आजारी पडणार ते सांगायची.

आकृतीतली ती सगळी प्रकरणं माझ्या प्रबंधातून गेली. आलं ते एक प्रकरण, मिर मोजताना रक्त, येणाऱ्या पेशी आणि बनावट मिर कसे फसवतात याचं. गाईडना ते छापावं असं वाटत होतं, मला नाही. मी आळस केला, किंवा लाजलो. तीही चूकच, कारण माझ्यासारखाच एखादा आज कुठेतरी गुलाबी पाण्यातला मिर-४५१ मोजत असेल.

मिर निरुपयोगी आहेत असं मात्र मला म्हणायचं नाही. बीजिंगचा मिर-१८१ मला आजही भक्कम वाटतो, कारण त्यांनी चिकटायची जागा बिघडवून बघितली, मिर वाढवून आणि दाबून दोन्हीकडून बघितलं, आणि शेवटी जिवंत डुकरात बघितलं. त्या पायऱ्या मला गाळायच्या होत्या. दरम्यान दुसऱ्या वाटेनं गेलेल्यांनी बाजी मारली. मिसुरी आणि कॅन्सस इथल्या शास्त्रज्ञांनी सीडी-१६३ चं जनुकच निकामी केलेली डुकरं तयार केली आणि विषाणूला त्यांच्यात शिरताच आलं नाही. दार अर्धवट ओढून घेण्यापेक्षा भिंतच बांधली. याच वाटेनं, जनुक-संपादन करून तयार केलेल्या डुकरांना अमेरिकेत २०२५ मध्ये खाण्यासाठी परवानगी मिळाली. ती बातमी मला त्या मुलीनंच पाठवली. खाली काही लिहिलं नव्हतं, नुसता दुवा.

मी आता रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत काम करतो. येणाऱ्या प्रत्येक नळीसोबत आमच्याकडे एक अर्ज भरतात. त्यात जनावराचं वय, वजन, ताप असे रकाने आहेत. शेवटी मी एक वाढवून घेतला आहे, 'द्रवाचा रंग'. बहुतेक लोक तो मोकळाच सोडतात. मोकळा असला की मी फोन करून विचारतो. आईला गेल्या दिवाळीत सगळं सांगितलं, डुकरांसकट. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग काकूला काय सांगू?"

जुन्या प्रयोगशाळेच्या उणे ८० अंशांच्या कपाटात त्या बारा पिल्लांच्या नळ्या अजून आहेत. मागे तिकडे गेलो होतो तेव्हा बाहेर काढून, उजेडात धरून मोजल्या. आजारी सहांपैकी पाच गुलाबी आहेत. निरोगी सहांमधलीही एक आहे, ती मला तेव्हा दिसलीच नव्हती.